जोतीरामांचा डावा डोळा

ग्रुप फोटोत एकाचे तरी डोळे मिटलेले असणारच, हे मी स्टॅम्पवर लिहून द्यायला तयार आहे. माझं फ्रेमचं दुकान शिरोलीत क्रांतीच्या स्टुडिओला लागून आहे. फोटो तिचा, काच माझी. लोक काचेतूनच बघतात आणि कौतुक मात्र फोटोचं करतात. असो.

क्रांतीचे वडील धम्मपाल गेले आणि स्टुडिओ तिच्या गळ्यात पडला. पडला म्हणजे तिनंच ओढून घेतला. भाऊ म्हणत होता, गाळा भाड्यानं देऊ. तोवर लग्नाच्या ऑर्डरी ड्रोनवाल्या पोरांनी पळवल्या होत्या आणि बाकीचं जग मोबाइलवर आपलं आपण फोटो काढत होतं. राहिले ग्रुप फोटो : शाळा, बचत गट, कारखाने. त्यातही गेल्या वर्षी एका शाळेच्या फोटोत हेडमास्तरच झोपलेले आले आणि ती शाळा हातची गेली. ते बाईला लागलं. तेव्हापासून ती कॉम्प्युटरला चिकटली. मोबाइलवर कुणीतरी हिंदीत शिकवायचा, ही थांबवून थांबवून तसंच करायची. एका फोटोतलं डोळे मिटलेलं तोंड काढायचं, दुसऱ्यातलं उघड्या डोळ्यांचं बसवायचं. सुरुवातीला तिनं माझ्यावर हात साफ केला. माझ्या मानेवर मेहुण्याचं डोकं बसलं आणि आमच्या घरच्यांना तेच जास्त आवडलं.

मग एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचं काम आलं. भट्टीवरचे जोतीराम रिटायर होत होते. त्यांच्यासोबत सगळ्या कामगारांचा फोटो ऑफिसच्या भिंतीवर लागणार होता. मॅनेजर विजयसिंह साहेबांनी तिला स्पष्ट सांगितलं, "फोटो चांगला आला तर वर्षभराचं काम तुमचं. नाहीतर कोल्हापुरात स्टुडिओ काय कमी आहेत?" इकडं भावानं गाळ्याला भाडेकरू बघून ठेवला होता. हे काम गेलं की शटर खाली, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

फोटो भर उन्हात काढला. जोतीराम पहिल्या रांगेत मधोमध, काळा चष्मा लावून. साहेब म्हणाले, चष्मा काढा. त्यांनी काढला आणि तोंड जरा वळवून बसले. घरी येऊन बघते तर एकाही फोटोत सगळ्यांचे डोळे उघडे नाहीत. जोतीरामांचा डावा तर प्रत्येक फोटोत मिटलेला. उन्हानं मिटला असेल, असं ती धरून चालली. उजवा डोळा उचलला, उलटा केला आणि डाव्या जागी असा बेमालूम बसवला की काच लावताना मला कणभर शंका आली नाही.

कार्यक्रमाला आम्ही दोघंही गेलो. फ्रेम भिंतीवर टांगली, वर कापड टाकलं. जोतीराम बायकोला, बयाबाईंना, घेऊन आले. घाम पुसायला त्यांनी चष्मा काढला आणि क्रांतीनं माझा दंड गच्च धरला.

"कृष्णातदादा, मामांना डावा डोळाच न्हाय!"

पापणी शिवल्यासारखी बंद, वर जुना व्रण. क्रांती साहेबांकडं धावली, पण फौंड्रीचे मालक दारात आले होते. साहेबांनी ऐकून न घेताच हात झटकला. "आता काही नको, नंतर बघू."

कापड निघालं. टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विरल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, मामांचा डोळा उगवला की!" दोघंतिघं हसले, बाकीच्यांनी त्यांच्याकडं रागानं बघितलं. क्रांतीचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

बयाबाई फोटोजवळ गेल्या. बघतच राहिल्या. "लग्नात असंच दिसत हुतं ह्ये," म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. "बघा, मामा तरणे झाले! राहू दे असाच." मालकांनीही मान डोलावली. मी मनात म्हटलं, सुटलो.

जोतीराम मात्र हलले नाहीत. "साहेब, ह्यो डोळा हितंच भट्टीपाशी गेला. लोखंड उडालं तवा ह्यातली निम्मी पोरं जन्मली बी न्हवती. ह्यो फोटो बघून उद्या कोण बी म्हणंल, जोतीराम धडधाकट आला न् धडधाकट गेला."

साहेबांचा आवाज बदलला. "मामा, चांगल्या दिवशी हे कशाला? फोटो राहणार." हे त्यांना म्हणाले, पण बघत होते क्रांतीकडं.

मी हळूच म्हटलं, "गप बस, बाई." ती बसली असती तर क्रांती कसली! खुर्ची ओढली, वर चढली आणि फ्रेम खाली काढली. इतक्या झटक्यात, की मला माझ्या काचेची काळजी वाटली.

"साहेब, चूक माझी हाय. माझ्या स्टुडिओच्या नावानं खोटा डोळा हितं लागायचा न्हाय."

मला तिचा राग आला, खरंच आला. तरी तिच्या हातातली फ्रेम मीच धरली. साहेब एवढंच म्हणाले, "मग वर्षाचं कामही लागायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ भाडेकरूला घेऊन गाळा दाखवायला आला. क्रांतीनं दोघांना बाहेर माझ्या बाकड्यावर बसवलं. आत जोतीराम आले होते. साहेबांनी नाही लावला तर फोटो कॅन्टीनमध्ये आम्हीच लावतो, असं कामगारांनी ठरवलं होतं.

तिनं कॉम्प्युटरवर फोटो उघडला आणि बसवलेला डोळा काढून मिटलेली पापणी परत आणली. जोतीराम पडद्याजवळ वाकले.

"व्रण पुसट दिसतोय की, पोरी."

"मामा, ठळक करू? लांबनं बी दिसंल."

"कर," जोतीराम म्हणाले. "दिसू दे. दुसऱ्याच्या नजरंला पडू नये म्हणून इतकी वर्षं चष्म्याआड मीच लपीवला त्यो."