पाणी बेतानं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढेही नाही—त्याला ठाऊक असेल तर असो. तुम्हाला सांगते. ऐकून तोंड वाकडं कराल? करा. मला त्याचं काही नाही.

आधी एक ऐकून ठेवा—माझी धाकटी जाऊ, वच्छला, मला कधीच आवडली नाही. आता ती नाही, म्हणून तिच्या नावानं गळा काढू? नाही काढणार. मी अमरावतीची, सातवी पास. एकदा विहिरीवर माझ्या डोक्यावरचा पाण्यानं भरलेला पितळी गुंड सुटून पडला, तर ही बया सगळ्या बायांदेखत पोट धरून हसली, "बाईले पानी बी आनता येत नाई वं!" सासूबाईसुद्धा हसल्या. ते हसू मी विसरले नाही.

पण खरी गोष्ट पाण्याचीच आहे. आमचं गाव अकोटच्या खालच्या अंगाला, खारपाण पट्ट्यात. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. गोडं पाणी तीन कोसांवरून बैलगाडीवरच्या पिंपात यायचं, तेही एक दिवसाआड, आणि ते घरात वाटायचं काम माझं. लग्न होऊन आले तेव्हा माझे केस गुडघ्यापर्यंत होते. खाऱ्या पाण्यानं दोन वर्षांत त्यांचा काथ्या झाला. मग मी—कसं सांगू?—दर खेपेला दोन गुंड गोडं पाणी गुपचूप बाजूला काढू लागले. केसांसाठी. हो, केसांसाठी! घरात सगळे मोजूनमापून पीत होते आणि मी न्हात होते.

एका उन्हाळ्यात वच्छलाच्या कुशीत कळ उठली. लघवीला आग व्हायची, गुरासारखी ओरडायची. दमणी जुंपून तिला अकोटला नेलं. सोबत मीच—मी शिकलेली ना! तपासून झाल्यावर ती लाजेनं बाहेर जाऊन बसली, आणि डॉक्टरांनी जे सांगायचं ते मला सांगितलं. मूतखडा आहे. मूत्रपिंडं जपायला हवीत. मीठ-लोणचं बेतानं. लघवी दाबून धरायची नाही. आणि पाणी भरपूर—गोडं पाणी, तहान नसली तरी, तासातासाला.

तासातासाला! त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे काय आलं असेल? तिचं दुखणं? छे. माझे दोन गुंड.

परतीच्या वाटेवर तिनं विचारलं, "काय म्हने जी डाक्तर, बाई?" मी म्हटलं, मीठ बेतानं. आणि—इथं जीभ अडखळली, पण थांबली नाही—पाणीही बेतानं. बस्स. 'भरपूर'च्या जागी 'बेतानं'. लघवीचं तर मी सांगितलंच नाही.

तिनं ते व्रतासारखं पाळलं. कापूस वेचताना बायांनी पाणी पुढे केलं, तर म्हणायची, "नोको, मोठ्या बाईनं सांगतलं हाय." दिवसभर लघवीला धुऱ्याआड जावं लागत नाही याचाही तिला अभिमान. मला संताप यायचा—तिचाच! साऱ्या जन्मात माझं एक ऐकलं नाहीस, भवाने, मग हेच काहून ऐकतेस?

चौथ्या वर्षी तोंड सुजलं, पाय सुजले. अकोल्याला नेलं तोवर उशीर झाला होता. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, हिला पाणी प्यायला कुणी सांगितलं नव्हतं का? दीर माझ्याकडे बघू लागले. मी बोलायला हवं होतं ना? बोलली ती. खाटेवरून. "बाईनं लय जपलं मले. पानी मोजून देल्लं." आठवड्यात गेली. खारपाणात अशी कितीतरी माणसं गेली, तीही गेलीच असती, असं तुम्ही म्हणाल. मी म्हणणार नाही. तिच्या तेराव्याला बाया माझ्या केसांचं कौतुक करत होत्या.

तिची लेक मंदा तेव्हा आठ वर्षांची होती. तिला मीच वाढवलं. परवा ती सासरहून आली, आणि ओसरीवर बसली तीच कुशीवर हात दाबून. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी आतून गोड्या पाण्याचा गडवा भरून आणला. पी, म्हटलं. सगळा पी.

"नोको, मोठी आई," ती म्हणाली. "मायनं सांगतलं होतं, पानी बेतानंच पेजो. तुयाच तर शब्द हाये."

डॉक्टर 'भरपूर' म्हणाले होते—एवढंच सांगायचं होतं. मंदा माझ्या तोंडाकडे बघत होती. आईसारखीच, मी सांगेन ते खरं मानणारी.

मी गडवा उचलला आणि आत नेऊन ठेवला.