लवादापुढचा नारळ

तारोडीच्या गोदूबाई भाईंदरच्या बाजारात मासळी विकतात. भाव सांगताना त्या गिऱ्हाइकाकडे बघतसुद्धा नाहीत, आणि फार घासाघीस केली तर पापलेट उचलून परत बर्फात ठेवतात. मी त्यांची जुनी गिऱ्हाईक; अशा बाईला कुणी गंडवलं असेल यावर माझा विश्वासच बसेना.

पण गंडवलं होतं. अडतीस हजारांचा डीप फ्रीझर त्यांनी घेतला आणि महिन्याभरात तो गार करायचाच थांबला. उरलेली मासळी रोज संध्याकाळी मातीमोल भावानं द्यावी लागत होती. कंपनी तो बदलून देईना. करारात लिहिलंय तसं लवादापुढे या, असं पत्र मात्र आलं. लवादाची फी चाळीस हजार, दोघांनी निम्मी निम्मी भरायची. म्हणजे बिघडलेल्या फ्रीझरचा न्याय मागायला आधी अर्ध्या फ्रीझरचे पैसे मोजायचे. माझं डोकंच फिरलं. असली कलमं लिहिणाऱ्याला एकदा गोदूबाईंसमोर भाव करायला बसवावं.

गोदूबाईंना त्यात काही अवघड वाटलं नाही. लवाद म्हणजे पंच, हे मी सांगितलं, तेवढंच त्यांनी धरून ठेवलं. त्यांच्या गावकीत पंच बसले की दोन्ही बाजूंनी एकेक नारळ ठेवायचा, तीच फी. मीरा रोडच्या एसी ऑफिसात मी सोबत गेले होते. तिथं त्यांनी पिशवीतून नारळ काढून लवादाच्या टेबलावर ठेवला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कंपनीचा माणूस परेश हसू दाबत म्हणाला, "मावशी, इथे नारळ नाही चालत. वीस हजार भरा, तरच मॅटर पुढे जाईल."

"माझ्याकडं येवढंच हाय," गोदूबाई म्हणाल्या. "आमच्यात ज्याच्याकडं न्हाय, त्याचा नारळ समोरचा ठेवतो. मंग दोन्ही फोडून एकत्र करतात. पंचानं कुणाचं खोबरं खाल्लं ते कुणालाच कळत न्हाय."

लवाद म्हणून बसलेले पंढरीनाथ साहेब निवृत्त वकील होते. ते चष्मा काढून हसले. एकाचा वाटा दुसऱ्यानं भरायची सोय कायद्यातही आहे, असं त्यांनी परेशला सांगितलं. लवादाचा आग्रह तुमचा, तेव्हा दोन्ही वाटे तुम्हीच भरा. नाहीतर हे काम मी इथेच बंद करतो, बाई खुशाल ग्राहक आयोगाकडे जातील.

परेश फोन घेऊन बाहेर गेला. अडतीस हजारांच्या फ्रीझरपायी चाळीस हजार घालवायला कोण तयार होणार? पाच मिनिटांत नवा फ्रीझर कबूल झाला, तोही लेखी.

ठेवलेला नारळ घरी न्यायचा नसतो, म्हणून गोदूबाईंनी तो खाली उतरल्यावर फोडला आणि पहिला तुकडा परेशला दिला. बिचाऱ्यानं मुकाट्यानं खाल्ला. मला इतका आनंद झाला होता की मी भर रस्त्यात त्यांना मिठी मारली.

परवा तारोडीला त्यांच्याकडे जेवायला गेले होते. नवा फ्रीझर झकास चाललाय, आणि त्याच्यावर एक नारळ ठेवलेला असतो. कालवणाला खोबरं कमी पडत होतं, म्हणून मी तो उचलला. गोदूबाईंनी माझ्या हातातून काढून घेतला.

"तो ठेव, बाय. गावात कुणालाबी तसला कागद आला, तर ज्याच्याकडं न्हाय त्याचा हाय तो."