मत सोडून काय पन!

इलेक्शन ड्युटीचे किस्से कुणी मागावे लागत नाहीत. वाशीच्या आमच्या ऑफिसात डबे उघडले की कुणीतरी सुरू होतोच. माझ्याकडे एकाच इलेक्शनचे आहेत, पण ते मला अजून पुरतात.

ऐंशीच्या आसपासची लोकसभा. पावणे गावाच्या पुढच्या एका गावातली शाळा हे आमचं केंद्र, दळवीसाहेब केंद्राध्यक्ष. नव्या शहरासाठी गावाच्या जमिनी गेल्या, कबूल केलेल्या नोकऱ्या आल्या नाहीत, म्हणून गावाचा बहिष्कार! साहेबांना एकच धास्ती. "माझ्या केंद्रावर शून्य टक्के? प्रमोशन तोंडावर आलंय हो!"

*

आठ वाजता पेटी रिकामी असल्याचं दाखवायचं असतं. पोलिंग एजंट एकही नव्हता, म्हणून साहेबांनी हवालदाराला दाखवली.

तो म्हणाला, "संध्याकाळी पण अशीच दाखवाल, साहेब."

*

अकराला दारात एक बाई! आम्ही सगळे ताडकन उभे राहिलो. शाईवाल्या सावंतनं बाटली उघडली. "बोट पुढे करा."

बाईंनी केलं, कोपऱ्याकडे. "पोराची पाटी ऱ्हायलीय."

पाटी घेऊन गेल्या.

*

दुपारी साहेब स्वतः गावात गेले. पंचांनी चटई टाकली, भात आणि खाडीची तळलेली मासळी वाढली. जेवताना साहेब हळूच मुद्द्यावर आले.

पंच म्हणाले, "सायब, मत सोडून काय पन मागा!"

साहेबांनी आणखी एक तुकडी मागितली.

*

पाचला दहा कमी असताना हिराबाई नावाची म्हातारी आली. साहेबांनी तिला स्वतःची खुर्ची दिली. यादीत हिराबाई दोन, म्हणून नवऱ्याचं नाव विचारलं. ती घेईना.

सावंत म्हणाला, "उखाण्यात घ्या, आजी!"

"मेल्या, ह्ये वय हाय का माजं?"

शेवटी साहेबांनीच वाचलं. "गणपत?" मान नाही. "बाळाराम?" म्हातारीनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"पटली ओळख," साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले.

बोटाला शाई लागली. मतपत्रिका आणि शिक्का घेऊन म्हातारी आडोशाला गेली. बराच वेळ लागला. मग घडी पेटीत टाकून ती निघून गेली. साहेबांचे डोळे भरून आले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू!

मतमोजणीलाही साहेबांची आणि माझी ड्युटी होती. आमची पेटी टेबलावर उलटी केली. आत मतपत्रिका नव्हतीच. जमीन घेतल्याची जुनी सरकारी नोटीस होती, चार घड्यांची. तिच्यावर बाळाराम या नावासमोर शिक्का मारलेला, अगदी नीट.

टेबलावरच्या अधिकाऱ्यानं उमेदवारांची यादी दोनदा वाचली. मग साहेबांना विचारलं, "हा बाळाराम कुठल्या पक्षाचा?"