पाच खाचांची नळी

अरुण गेल्यावर मंजुषानं त्याचे कपडे तीन आठवड्यांत आवरले, पुस्तकं लायब्ररीला दिली, पण गॅरेजच्या डाव्या भिंतीकडे ती फिरकली नाही. तिथं त्याचं टेबल होतं. शिसं वितळवायचं विजेचं छोटं भांडं, गोळ्यांचा लोखंडी साचा आणि करड्या गोळ्यांनी भरलेल्या काचेच्या बरण्या. रायफल मात्र आता घरात नव्हती. अमेरिकेतल्या त्यांच्या श्रूजबरी गावच्या पोलीस स्टेशनात तिनं विचारलं, तर मुदतीत स्वतः लायसन्स काढा, नाहीतर लायसन्सवाल्याच्या हवाली करा, असं कळलं. तेव्हा नेमबाजीच्या क्लबातला त्याचा मित्र रॉजर येऊन ती आपल्या तिजोरीत ठेवायला घेऊन गेला होता.

ती रायफल अरुणला बारा वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात सापडली. जुनी थ्री-नॉट-थ्री, कड्यावर बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याचा शिक्का. नागपूरला कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पात त्यानं तसलीच चालवली होती. वर्षाला मोजून पाच गोळ्या वाट्याला यायच्या, आणि त्या पाचांचं कौतुक तो साठीतही सांगायचा. "अगं, आपल्याकडची आहे ही! माझ्याआधी इथं येऊन बसलीय," असं म्हणत तो एखादा गाववाला भेटावा तसा हसत घरी आला होता.

मंजुषा हसली नव्हती. त्यांची मुलगी अंतरा पाचवीत असताना एकदा शाळेत बंदूकवाला शिरल्याची आवई उठली होती. चाळीस मिनिटं ती पोर वर्गाच्या कपाटात अंधारात बसून होती. सगळं खोटं निघालं, पण आई न्यायला गेली तेव्हा अंतराची पँट ओली होती. मंजुषा ते कधी विसरली नाही. घरात बंदूक राहील, कुलपात राहील आणि माझ्यासमोर तिचं नाव निघणार नाही, एवढ्या तहावर संसार पुढं चालला.

अडचण अशी, की त्या रायफलीची गोळी नीट लागत नव्हती आणि ती का लागत नाही हे सांगू शकणारं माणूस घरातच होतं. मंजुषानं वूस्टरच्या एका धातू कापायची हत्यारं बनवणाऱ्या कंपनीत सव्वीस वर्षं इन्स्पेक्शन रूममध्ये काढली होती. इंचाचा हजारावा भाग, ज्याला कारखान्यात 'थाउ' म्हणतात, तो तिच्या बोटांना नुसत्या स्पर्शानं जाणवायचा. निवृत्त होताना सहकाऱ्यांनी तिला तिचाच आवडता मायक्रोमीटर भेट दिला होता. त्याचा खालचा जबडा इंग्रजी व्ही अक्षरासारखा. पाच धारांची हत्यारं मोजायला तोच लागतो.

अरुणनं तीनदा विचारलं होतं. पहिल्यांदा गमतीत, दुसऱ्यांदा चहा करून देऊन. तिसऱ्यांदा गेल्या सप्टेंबरात, दारात उभं राहून.

"मंजू, नळीच्या आत खाचा पाच आहेत गं, समोरासमोर येत नाहीत. माझ्या साध्या मायक्रोमीटरला पकडच मिळत नाही. तुझा तो व्हीवाला आण ना. पाच मिनिटांचं काम आहे."

"नाही म्हणजे नाही, अरुण."

"बरं बाई," असं म्हणून तो गॅरेजमध्ये गेला. नोव्हेंबरात ड्राइव्हवेवरची पानं गोळा करताना त्याचं हृदय थांबलं.

मार्चमध्ये रॉजरचा फोन आला. क्लबातल्या कुणाला तरी रायफल हवी होती. "तू हो म्हणालीस तरच," असं तो दोनदा म्हणाला. सांता क्लाराहून अंतरानंही फोनवर तेच सांगितलं, "आई, प्लीज, जस्ट गिव्ह इट अवे." रायफल द्यायची तर सोबत सामानही द्यायला हवं, म्हणून मंजुषा शेवटी त्या टेबलापाशी गेली.

बरण्यांच्या मागं वही होती. प्रत्येक पानावर तारीख आणि चिकटवलेला निशाण्याचा कागद. भोकं कुठंही पडलेली, आणि त्यांतली बरीचशी गोल नव्हतीच. लांबट होती. गोळी कोलांट्या खात जाऊन कागदावर आडवी आपटल्यासारखी. शेवटच्या पानावर त्याचं बारीक अक्षर होतं: '१२ ऑक्टोबर. पन्नास यार्ड. दहांपैकी चार आडव्या. गोळी ०.३१२, पुस्तकात दिलीय तशी. मग का? मंजूला विचारू? नको. तिला त्रास होतो.'

ती तिथंच स्टुलावर बसली. गॅरेजमध्ये थंडी होती, पण उठावंसं वाटेना.

दुसऱ्या दिवशी ती मायक्रोमीटर, वही, टेबलावरची पोलादी रिंग आणि दोन बरण्या घेऊन रॉजरच्या वर्कशॉपमध्ये गेली. रॉजर जुना मशीनिस्ट, पंचाहत्तरीचा, बोलायला कमी. तिनं सांगितलं, "द्यायच्या आधी मला ती मोजायचीय." त्यानं तिजोरी उघडून रायफल बाहेर काढली.

मऊ शिशाचा तेल लावलेला गोळा त्यानं नळीच्या तोंडाशी ठेवला आणि पितळी गजानं हळूहळू ठोकत पलीकडे काढला. तो तिच्या तळहातावर पडला तेव्हा त्याच्या अंगावर आतल्या पाच खाचांचे पाच उंचवटे उठले होते. तिनं तो व्हीच्या कुशीत धरला आणि स्क्रू फिरवला. एकदा, वळवून पुन्हा, आणखी एकदा.

"पॉइंट थ्री वन फाइव्ह फाइव्ह," ती म्हणाली.

रॉजरनं शीळ घातली. किती सैनिकांनी झाडली, किती जणांनी घासून साफ केली कोण जाणे, नळी झिजून रुंद झाली होती. पुस्तकातल्या मापाची गोळी तिच्यात सैल पडत होती. खाचांची पकड बसत नव्हती आणि गरम गॅस कडेनं निसटत होता.

मग मंजुषानं दुसऱ्या बरणीतली एक गोळी मोजली. ही नुसती साच्यातून काढलेली होती, अजून त्या पोलादी रिंगमधून दाबून बारीक न केलेली. ०.३१७. नळीपेक्षा जेमतेम दीड थाउ जास्त, म्हणजे हवी तेवढीच. अरुणच्या हातून गोळी बरोबर मापाची निघत होती. बारा वर्षं तो पुस्तकावर विश्वास ठेवून तिला पाच थाउंनी बारीक करत होता.

"पाच मिनिटं," ती मराठीत म्हणाली. रॉजरला कळलं नाही, पण तो लेथकडे वळला आणि पाठमोराच राहिला.

त्यानं ती रिंग घासून ०.३१७ केली. दुसऱ्या बरणीतल्या सगळ्या गोळ्या तिच्यातून सारख्या होऊन निघाल्या, साच्याच्या जोडाची एखादी शीर तेवढी पुसली गेली. मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी क्लबात रॉजरनं दहा गोळ्या झाडल्या. मंजुषा कानांवर आवाज अडवणारे मफ लावून मागं उभी होती. प्रत्येक बाराला तिचे खांदे उडत होते. कागद हातात आला तेव्हा दहाही भोकं गोल होती आणि तिच्या तळव्याखाली झाकली जात होती.

तिचा हात पर्समधल्या फोनकडे गेला. त्याला सांगायला. तो हात तिनं तसाच परत काढला.

रायफल शेवटी रॉजरकडेच राहिली. संध्याकाळी फोनवर अंतराला तिनं सगळं सांगितलं. मग अंतरानं विचारलं, "डिड ही नो? तुला माझ्यामुळे बंदुकीचा राग होता, हे बाबाला माहीत होतं?"

"माहीत होतं गं. म्हणूनच तर चौथ्यांदा विचारलं नाही त्यानं. मी मात्र आपणहून एकदा मोजून दिलं असतं तर..."

आता महिन्यातून एका शनिवारी ती क्लबात जाते. लोक आपापल्या नळ्यांचे शिशाचे गोळे घेऊन येतात, ती मोजून आकडा सांगते. बंदुकीला ती अजूनही हात लावत नाही. मराठी मंडळातल्या शुभाला याचं नवल वाटतं. मंडळात सगळे फार जपतात तिला. जेवायला बोलावतात, अरुणचा विषय निघाला की हळूच दुसरीकडे नेतात. क्लबात कुणी नेत नाही. "आरून इथं बसायचा. आरूननं एकदा थर्मासमधला चहा माझ्या वहीवर सांडला." नाव चुकीचं उच्चारतात, पण घेतात. ती मान खाली घालून मोजत राहते आणि म्हणते, "हं, मग?"