बसऱ्याच्या गाडीचे सहा मालक

नोकरीत हाताळलेल्या बहुतेक प्रकरणांचे तपशील आता धूसर झाले आहेत. पण जालन्याच्या ठाण्याच्या आवारात जप्त करून उभी केलेली ती लाकडी अंगाची मोटार, आणि तिच्याभोवती उकिडवी बसलेली माणसे, मला विसरता आलेली नाहीत. नाव कुणाचेच लिहीत नाही. त्यांची मुले-नातवंडे त्याच भागात नांदत आहेत आणि आजोबा ठाण्यात बसले होते हे त्यांना माझ्याकडून कळायला नको.

निजामाचे राज्य जाऊन तीन-चार वर्षे झाली होती. मी मुंबई इलाख्यातून तिकडे गेलेला सब-इन्स्पेक्टर. निजामाच्या वेळी फौजदाराला अमीन म्हणत, त्या जुन्या सवयीने लोक मला 'अमीनसाहेब' म्हणत. ठाण्यातल्या रोजच्या नोंदींचा रोजनामचा नुकताच उर्दूतून मराठीत आला होता आणि तो लिहिताना हवालदारांना घाम फुटत असे. माझा जमादार जुन्या अमदानीतला, अंबडकडचाच. बोलता बोलता दखनीत घसरायचा, पण सगळा मुलूख त्याच्या पायाखालचा. मी शहरात वाढलेला. शेतीतले मला काही कळत नाही हे त्याने पहिल्याच आठवड्यात ओळखले होते आणि त्याचा त्याला मनातून आनंद होता.

खबर घेऊन आला तो एक दलाल. त्या काळी परदेशी मोटार सहजासहजी आणता येत नसे. परदेशात नोकरी करून कायमचा परतणारा माणूस मात्र तिकडे स्वतः वापरलेली एक जुनी गाडी जकात भरून आणू शकत असे. अट अशी की गाडी खरोखर त्याची हवी आणि ठरावीक मुदतीपर्यंत ती विकायची नाही, दुसऱ्याच्या हवाली करायची नाही. अट आली की पळवाट येतेच. मुंबईतले काही व्यापारी परतणाऱ्या खलाशांच्या, स्वयंपाक्यांच्या नावावर गाड्या आणवत आणि त्या गरिबाच्या हातावर काहीतरी टेकवून गाडी स्वतः ठेवत.

"अमीनसाहेब, अंबडकडचा एक फिटर हाय," दलाल म्हणाला. "घराला धड छप्पर न्हाई आन् नावावर अमेरिकन मोटार. गाडी उभी कुठं हाय, तर शेठच्या जिनिंगात. आता तुम्हीच समजून घ्या."

हा दलाल स्वतः त्याच धंद्यातला असावा असा मला वास आला. खबर देणारा नुसत्या देशप्रेमाने कधी ठाण्याची पायरी चढत नाही, पण म्हणून खबर खोटी असते असेही नाही. मी नोंद केली आणि जमादाराला घेऊन जिनिंगवर गेलो.

शेठजींचे घराणे राजस्थानातून येऊन जालन्यात पिढ्यान् पिढ्या रुळलेले. मोटार खरोखरच फाटकासमोर उभी होती. मागच्या अंगाला लाकडी फळ्या, आत आठ-नऊ माणसे मावतील एवढी जागा आणि सुकाणू डाव्या बाजूला. पुढच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा मोडलेला, खाली दगड लावलेले.

"गाडी कुणाची, शेठजी?"

"फिटरची. त्याच्या गावचा कापूस माझ्याकडं येतो. पाटा मोडला म्हणून इथं ठेवू दिली," शेठजी शांतपणे म्हणाले. "मी विकत मागितली होती. न्हाई म्हणाला. माझी असती तर अशी फाटकाच्या तोंडाशी उभी करून राह्यलो असतो का, अमीनसाहेब? कोठारात ताडपत्रीखाली घातली असती."

या उत्तरात तथ्य होते, पण तथ्य असलेली खोटी उत्तरे मी पुष्कळ ऐकली होती. पंचनामा केला, गाडी ओढत ठाण्यात आणली, किल्ली मुद्देमालात जमा केली आणि फिटरला बोलावणे धाडले. चार दिवसांत एका कोंबडीने मागच्या बाकावर अंडे घातले. हे अंडे मुद्देमालात धरायचे का, असा गंभीर प्रश्न जमादाराने मला विचारला.

फिटर तिशीतला, सडसडीत, कमी बोलणारा. लढाईच्या काळात मजूर म्हणून इराकातल्या बसऱ्याला गेलेला आणि तिथल्या मोटारखात्यात फिटर झालेला. मी कसून विचारले, पण त्याची बोबडी वळली नाही.

"साहेब, तिथं जुनी गाडी घेणं म्हंजे बाजारात बैल घेण्यासारखंच हाय. विकणारा चांगली बाजू तेवढी तुमच्याकडं करतो. बंदराजवळ सुट्टीच्या दिवशी गाड्या लागायच्या. परत जाणारे गोरे, कंपन्यांचे लोक, सगळे विकायचे. नवा रंग दिसला की आम्ही पुढं सरकायचो. खाऱ्या हवेनं पत्रा खाल्लेला असतो, वरून रंग फासतेत. एका गाडीच्या गिअरमधी लाकडाचा भुसा भरल्ता, आवाज येऊ नये म्हणून."

"मग ही कशी घेतली?"

"एक इंजिनीअर गावाला चालल्ता. त्यानं आपणहून सांगितलं, मागं घ्यायचा गिअर अडकतो, जोर लावू नका. खोड सांगून विकणारा तेवढा एकच भेटला. मंग हीच घेतली. वर्षभर तिथं वापरली, मंग बोटीवर चढवली. दोराच्या जाळीत उचलली तवा आमचा जीव वर गेल्ता."

'आम्ही', 'आमचा'. हे माझ्या कानातून सुटले नव्हते.

"पण गाडी कुणाची?"

"माझी."

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्यात आणखी पाच माणसे येऊन उभी राहिली. अंबडपर्यंत पायी, पुढे लॉरीने आलेली. कुणी बोलावले नव्हते. त्यांतला सगळ्यात वयस्क होता त्याला बाकीचे आबा म्हणत. आबा म्हणाला, "आमची गाडी धरली म्हणून आलो."

पाचही जण बसऱ्याला फिटरच्या बरोबरच होते. मी त्यांना वेगवेगळे बसवले. एकमेकांशी बोलू दिले नाही आणि एकेकाला आत घेऊन तोच प्रश्न विचारला. गाडी कुणाची?

आबा म्हणाला, "माझी." त्याच्यामागून आलेला सुतारही म्हणाला, "माझी." तिसरा, चौथा, पाचवा, सगळ्यांचे तेच. फिटरची नाही का, असे विचारले की, "त्याची बी हाय." भीती नाही, संकोच नाही. आपण काही चुकीचे बोलतो आहोत हे कुणाच्या गावीही नव्हते.

माझा पारा चढला. फिटरने सरकारला लिहून दिले होते की गाडी आपली एकट्याची. इथे तर तिच्यावर हक्क सांगणारी फौज उभी होती. हे जबाब जसेच्या तसे कोर्टात गेले असते तर गाडी सरकारजमा आणि फिटर तुरुंगात. शिकवून आणलेले लोक एवढे वेड्यासारखे कसे बोलतील, एवढेच कोडे होते. म्हणून सुताराला पुन्हा बोलावले आणि जरा सबुरीने विचारले, ही गाडी मुळात घ्यायचीच कशाला होती?



"आम्ही तिथं असताना आबाची बायको गेली. बाळंतपणात अडली. गावातून बैलगाडी जुंपून जालन्याच्या दवाखान्याला निघाले, उन्हाळ्याचे दिवस. अंबडच्या पुढं पोचलीच न्हाई. लेकरू बी गेलं. चिठ्ठी आली तवा आबा दोन दिवस जेवला न्हाई. मंग आम्ही ठरवलं. बाकीचे लोक येताना सोनं आणतेत, गाणं वाजवायचं बाजाचं खोकं आणतेत. आपण मोटार आणू. गावात पुन्हा असं व्हायला नको."

माझा राग तिथेच ओसरला, पण कायद्याचा पेच तसाच होता. मी लेखणी खाली ठेवली. दाराशी उभा असलेला जमादार मिशीत हसत होता.

"काय झालं?"

"साब, ये तो सावड का मामला है," तो म्हणाला आणि मला समजेल अशा बेताने मराठीत आला. "माझ्याकडं एक बैल, तुमच्याकडं एक. दोन्ही जुंपले की औत होतं. आज तुमच्या रानात, उद्या माझ्या. आता ज्याच्या रानात औत चालू हाय त्याला विचारा, बैल कुणाचे. तो म्हणणार, माझे. झूट बोलून राह्यला का? बिलकुल न्हाई."

ही साधी गोष्ट मला कळली आणि सगळे जबाब एका क्षणात जुळले. शेठजी छुपे मालक नव्हते, दलालाचा तर्क साफ चुकला होता. गावात बैलांची असते तशी या सहा जणांनी पैसे घालून मोटारीची सावड केली होती. नाव कुणाचे लावायचे हा त्यांच्या लेखी प्रश्नच नव्हता. गाडी फिटरला चालवता येत होती म्हणून नाव त्याचे. सुकाणू डावीकडे असल्यामुळे पुढची बैलगाडी ओलांडताना चालवणाऱ्याला समोरचे दिसत नसे. उजवीकडे बसलेला 'जा' म्हणाला की हा जायचा. मुंबईहून जालन्यापर्यंत ते असे आले होते.

मी काहीही न लपवता कस्टम खात्याला अहवाल पाठवला. महिन्याभराने उत्तर आले. गाडीवर दुसऱ्या कुणाचा हक्क असेल तर गाडी जप्त आणि फिटरवर खटला. बाकीच्यांनी आपला हक्क कायमचा सोडला आणि तो एकटाच मालक उरला, तर पहिली वेळ म्हणून गाडी सोडता येईल.

सहाही जणांना बोलावून मी ते पत्र वाचून दाखवले.

"म्हंजे आम्ही सोडली तर गाडी गावात राहती?" आबाने विचारले.

"राहील. पण ती तुमची नसेल. आणि खोटा जबाब मी घेणार नाही. सोडायची तर मनापासून सोडा. उद्या हा फिरला, तुम्हाला गाडीत बसू दिले नाही, तर कोणतेही कोर्ट तुमचे ऐकणार नाही."

पाच जण बाहेर गेले. एक बिडी ओढून होईपर्यंत बोलले असतील. या माणसांनी खजुराच्या गोण्या वाहून, परक्या मुलखातल्या उन्हात वर्षे काढून जे मिळवले होते ते सगळे त्या गाडीत होते. त्यांनी वकिलाचा सल्ला मागितला नाही, घरी विचारून येतो म्हणाले नाहीत. आत येऊन आबा म्हणाला, "लिहा साहेब. सोडली."

"आणि हा फिरला तर?"

"फिरला तर फिरला. मंग सावड नव्हतीच, असं समजू."

त्याने सगळ्यात आधी अंगठा उठवला. त्याच्यामागे बाकीच्यांनी. मी अनेक दस्त पाहिले आहेत. भावाने भावाला हातभर जमीन सोडताना केलेली घासाघीस पाहिली आहे. असे निर्मळ हक्कसोडपत्र मी त्याआधी पाहिले नव्हते आणि नंतरही नाही. खरे सांगायचे तर मला त्यांच्यापुढे खुर्चीवर बसायला अवघड वाटू लागले होते.

मी किल्ली पुढे केली. फिटर हात पुढे करीना.

"मला एकट्याला नको ही गाडी," तो म्हणाला. एवढ्या चौकशीत न डगमगलेला तो माणूस रडत होता. "सरकारला घेऊ द्या. मी जेलात जातो. आबाचा हिस्सा खाऊन मी गावात कसा फिरू?"

आबा त्याच्यावर एकदम कडाडला. "मला हिस्सा न्हाई पायजे. गाडी पायजे. ती गेली तर पुन्हा बैलगाडीच हाय, समजलं का? घे ती किल्ली जल्दी. साहेबांचा टाइम खाऊन राह्यला."

फिटरने किल्ली घेतली. जमादार त्या वेळी खिडकीबाहेर फार लक्ष देऊन काहीतरी बघत होता.

विक्रीबंदीची मुदत संपेपर्यंत मी जालन्यातच होतो. ती संपल्यावर थोड्याच दिवसांनी फिटर ठाण्यात आला, धुळीने माखलेला.

"साहेब, आता त्यांची नावं लावता येतेत ना?"

"येतात. पण तू असा चालत? गाडी कुठे आहे?"

"आबाची सून अडली. सकाळीच तिला घेऊन दवाखान्यात गेले. मी सुताराला चालवायला शिकवल्तं, तो घेऊन गेला. तिला आडवं निजवलं, बाया बसल्या, एक जण उजवीकडं लागतोच. मला जागा न्हाई राह्यली. मंग मी अंबडपर्यंत चालत आलो, पुढं लॉरीनं."

आम्ही दोघे दवाखान्यात गेलो. आबा पायरीवर बसला होता. मला बघून उठला, हात जोडले. आतून बाळाचा आवाज येत होता. सुताराने सांगितले की मुलगी झाली आणि दोघी चांगल्या आहेत.

पुढे बरीच वर्षे मी पोलिसात काढली. कागद हा आमच्या धंद्याचा पाया आहे आणि मी तो कधी सोडला नाही. पण त्या प्रकरणानंतर एक सवय लागली. एकाच वस्तूला दोघे-तिघे 'माझी' म्हणत ठाण्यात आले की मी आधी एवढेच बघायचो, ते आपसात भांडताहेत का. बहुतेक वेळा भांडतच असत आणि मग पुढचा तपास नेहमीचा. भांडत नसले, तर मी जबाबाचा कागद बाजूला सारून आधी त्यांच्यासाठी चहा सांगायचो. तशी वेळ उभ्या नोकरीत फार थोडी आली.