मस्कतच्या ऑफिसात मी सलीमला उभं केलं

मस्कतला जायचं की नाही, यावर आमच्या परदेशीपुऱ्याच्या घरात चार दिवस खल झाला. मी इंदूरच्या एका कॉलेजात एचआर शिकवते. तिकडच्या एका कंपनीने स्टाफला तीन दिवसांचं ट्रेनिंग द्यायला बोलावलं होतं, आवडलं तर वर्षभराचं काम. आईचं एकच, "ते लोक तुझं ऐकतील का गं?" मी म्हटलं, "टेन्शन नको घेऊ." टेन्शन तर मीच घेऊन बसले होते, तिला काय सांगायचं!

इंदूरहून मुंबई, मुंबईहून मस्कत. बॅगेत दोन किलो सेव. तुम्ही जाणार असाल तर शनिवारी पोहोचा, तिथला आठवडा रविवारी सुरू होतो. टॅक्सी ॲपवरून घ्या. एक रियाल दोनशे रुपयांच्या वर जातो, तेव्हा सारखा गुणाकार करू नका, जीव घाबरा होतो. कडक चहा मात्र स्वस्त आणि फक्कड. आणि बायांनो, पुरुषाने हात पुढे केला तरच मिळवा.

पहिल्या दिवशी मॅनेजर हमदजींनी (ते 'जी' माझं, इंदूरची सवय) खजूर आणि कहवा, म्हणजे वेलचीची अरबी कॉफी, मागवला. तब्येत, घर, प्रवास, पाऊस, यातच पाऊण तास गेला. माझा डोळा घड्याळावर. अरे बाबा, सेशन कधी? इवलासा कप रिकामा झाला की पुन्हा भरायचे. सहावा कप झाल्यावर शेजारचा सलीम, तिशीतला क्लार्क, हिंदी सिनेमांवर वाढलेला, कानात म्हणाला, "टीचर, कप हिलाओ, नहीं तो भरते रहेंगे."

दुसऱ्या दिवशी मी माझा हुकमी खेळ काढला: साहेबांना तोंडावर फीडबॅक द्या. आपल्याकडे चारचौघांत "भिया, गलत बात है" म्हणायचं आणि लगेच सोबत पोहे-जलेबी खायची, त्यात कोणाला काय वाटतं? तिथे कोणी उठेना. मग मीच सलीमला उभं केलं. "बिनधास्त बोलो." तो खाली बघत म्हणाला, "अम्मी का ऑपरेशन है. छुट्टी की अर्जी तीन हफ्ते से साहब की टेबल पर है." समोर बसलेल्या हमदजींनाही हिंदी कळत होती. त्यांनी डोक्यावरची नक्षीची टोपी सारखी केली, "थँक यू" म्हणाले आणि बाहेर गेले.

तिसऱ्या दिवशी सलीमची खुर्ची रिकामी. विचारलं तर जो तो मोबाईलमध्ये. दुपारी बिर्याणी तशीच बाजूला सारली. आईला फोन लावला. "अगं, माणसाची नोकरी खाल्लीस की काय?" ती म्हणाली. मग, "जा त्या साहेबांकडे. पण सरळ मुद्द्यावर येऊ नको, नव्या व्याह्यांशी बोलतात तसं बोल."

गेले. कहवा आला. त्यांच्या मुलीची परीक्षा, त्यांचा गुडघा, माझी आई. मुद्द्याचं नाव न काढता बसून राहिले. तिसऱ्या कपाला ते स्वतःच इंग्रजीत म्हणाले, "सलीम हॉस्पिटलमध्ये आहे, आईजवळ. सुट्टीवर मी काल सही केली."

हुश्श! मला रडूच आलं.

"अर्ज माझ्याकडून राहिला, चूक माझी," ते म्हणाले. "तो एकटा आत आला असता, तर मी माफी मागून सही केली असती, त्याला कॉफी पाजली असती. आता तो माझ्यासमोर कसा बसेल?"

मी कप हलवून परत दिला.

घरी येऊन आठवडा झाला आणि वर्षाच्या कामाचा मेल आला. मी प्रिंट काढली, आईने पेढे आणले. त्याच संध्याकाळी सलीमचा मेसेज: "टीचर, अम्मी अच्छी है. मैंने ट्रान्सफर मांग लिया, सलालाह. साहब ने रोका नहीं. आप फिकर मत करना."

मस्कत ते सलालाह हजार किलोमीटर आहे, नकाशात बघितलं. मेसेज आईला वाचून दाखवला. पेढा तिच्या हातातच राहिला. "मग त्याच्या आईकडे कोण बघणार गं?"

तुम्ही मस्कतला जरूर जा. माणसं जीव लावणारी आहेत, समुद्र सुंदर आहे. कॉन्ट्रॅक्टची प्रिंट माझ्या टेबलावर पडून आहे, तीन आठवडे झाले. सही व्हायचीय.