बंद न पडणारी जीप आणि बिरूबाचा वाडा

माळावरून फिरून आलं की पॅन्टला कुसळं चिकटून येतात. कितीही झटका, एखादं राहतंच, आणि नेमकं जेवायला बसलं की टोचतं! आमच्या त्या जीपमधल्या गोष्टींचं तसंच आहे. नोकरी संपून जमाना झाला, पण चार मित्र जमले आणि चहा आला की मला एखादं कुसळ टोचायला लागतं. मग मी सांगत बसतो. कंटाळा आला तर चहा संपवा आणि खुशाल उठा, मी काही रागावणार नाही.

काळ सत्तर-एकाहत्तरचा. मोठा दुष्काळ अजून यायचा होता. मी नगर जिल्ह्यात, कर्जतकडच्या जनावरांच्या दवाखान्यात स्टॉकमन होतो. म्हणजे काय, तर मेंढी धरायची, सुया उकळायच्या आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. आमच्या वाट्याला आलेल्या भागात माणूस दिसायला अर्धा दिवस लागायचा. नुसता माळ! पिवळं गवत, मध्येच एखादी बाभळ, आणि लांबवर आमच्याकडे बघत उभी असलेली काळवीटं.

* * *

जीप चालवायला रहीमभाई. केडगावचे. जीप सरकारची असली तरी त्यांच्या लेखी ती त्यांची मुलगी होती. "माझी गाडी आजवर रस्त्यात बंद पडली नाही," हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणायचे, आणि आम्ही मान हलवायचो. न हलवून सांगता कुणाला?

खरं सांगायचं तर ती बंद पडायची. चांगली पडायची! पण रहीमभाई म्हणायचे, "बंद नाही पडली, दम खातीय." आणि काही झालं तरी रस्त्यात बॉनेट उघडायचे नाहीत. ऑफिसच्या आवारात, फाटक लावून घेतल्यावरच उघडायचे.

एकदा डॉक्टरांनी न राहवून विचारलं, "अहो, जरा उघडून बघा तरी!"

रहीमभाई म्हणाले, "घरातली भांडणं वेशीवर टांगत नाहीत, डॉक्टरसाब!"

* * *

डॉक्टर म्हणजे सबनीस. पुण्याचे, पहिलीच नेमणूक. अंगावर इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर हॅट. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "नकाशा कुठाय?" मी म्हटलं, "साहेब, नकाशात दाखवायला काहीतरी असावं लागतं."

मग आम्ही वाट विचारत निघालो. एका बाभळीखाली एक म्हातारा बसला होता. त्यानं अगदी मन लावून रस्ता सांगितला. "ह्यो वडा वलांडा. फुडं पांढरी घोडी चरतीया. तितनं डाव्या हाताला वळा. मंग शंभर-दीडशे मेंढरं बसल्याली दिसतील, त्यांच्या मागल्या अंगानं सरळ जावा. हितंच तर हाय!"

आम्ही ओढा ओलांडला. घोडी नव्हती. मेंढरं नव्हती. दुपारी फिरून फिरून परत त्याच बाभळीखाली आलो. डॉक्टर तापलेले. "आजोबा, कुठंय तुमची घोडी?"

म्हातारा त्यांच्याकडे बघतच राहिला. "आवं, ती काय दिसभर तुमच्यासाटनं हुबी ऱ्हाती व्हय?"

* * *

आता मुद्द्याचं. पाऊस पडला की माळावर कोवळं गवत येतं. मेंढरं ते अधाशासारखी खातात आणि पोट फुगून पटापट मरतात. पावसाआधी लस टोचली तर वाचतात. डॉक्टर रुजू झाले ते भर पावसाळ्यात, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी माळावर एका जागी मेलेल्या मेंढरांची रांग बघितली. शेजारी एक बाई एक एक कोकरू उचलून नावानं हाका मारत होती. त्या दिवशी डॉक्टर जेवले नाहीत. मला म्हणाले, "पुढच्या पावसाआधी हे सगळं टोचून काढायचं. काही झालं तरी!"

पण धनगर सुईला तयार होईनात. सगळ्यांचं एकच, "बिरूबा टोचून घेतील तर आमी घेऊ." बिरूबा म्हणजे त्या माळावरचा जाणता माणूस. दिवाळीनंतर ही सगळी मंडळी मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी दूर जायची आणि उन्हाळा सरता सरता माळावर परतायची. म्हणजे ती परतल्यापासून पाऊस पडेपर्यंतचे मोजके दिवस काय ते आम्हाला.

उन्हाळा सरताना परतलेले बिरूबा आम्हाला आठवड्याच्या बाजारात भेटले. लाल पटका, खांद्यावर घोंगडी, तोंडात तंबाखू. डॉक्टरांनी तासभर समजावलं. बिरूबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डाक्तर, बाजारात आमी मेंढराचं बोलत न्हाई. वाड्याव या. वाड्याव येऊन बसल्याल्या मान्साला मी न्हाई म्हनत न्हाई."

वाडा म्हणजे चौसोपी नव्हे हं! मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, बायकापोरं, असा धनगरांचा सगळा फिरता संसार म्हणजे वाडा. आज इथं, उद्या तिथं.

डॉक्टर खूश झाले. खुशीत त्यांनी बिरूबांना मंगोलियाची गोष्ट सांगितली. मासिकात वाचली होती. तिथंही असाच माळ, संपतच नाही म्हणे. गाव नाही, रस्ता नाही. माणसं लोकरीच्या जाड कापडाच्या घरात राहतात, घोड्यावर संसार लादतात आणि मेंढरांमागे हिंडतात.

बिरूबांनी तंबाखू थुंकली, विचार केला आणि विचारलं, "आपल्यातलीच दिसत्यात. सोयरीक जमंल का?"

* * *

मग सुरू झाली शोधाशोध. नगरहून बर्फाच्या लाद्या आणायच्या, भुशात आणि पोत्यात गुंडाळायच्या, त्यात लसीच्या बाटल्या ठेवायच्या आणि माळ पालथा घालायचा. बर्फ विरघळला की लस गेली. त्यामुळे डॉक्टर दर मैलाला पोत्याला हात लावून बघायचे, आजारी पोराच्या कपाळाला लावावा तसा.

एकदा बैलगाड्यांतून चाललेल्या एका वऱ्हाडानं आम्हाला अडवलं. मागं पोत्यातून पाणी ठिबकतंय म्हटल्यावर त्यांना वाटलं, गारेगारवाला आला! रहीमभाई लालबुंद. "सरकारी जीप आहे! औषध आहे मेंढरांचं!"

नवरदेवाचे मामा पुढे आले. "वा रं सरकार! मेंढराला बरफ, आन् आमचा नवरदेव घामानं भिजतूया त्येचं काय?"

डॉक्टरांनी निमूटपणे एक तुकडा फोडून दिला. नवरदेवानं तो मुंडावळ्यांच्या वर डोक्यावर धरला आणि वऱ्हाड वाजतगाजत पुढे गेलं. आम्ही मात्र बराच वेळ त्या वाजंत्रीकडे बघत हसत होतो.

* * *

वाडा काही सापडेना. एकदा तर चुलीच्या दगडांखालची राख अजून ऊन होती! बाजूला एक बाई लेंड्या गोळा करत होती. डॉक्टरांनी विचारलं, "बिरूबा कुठं गेले?"

"गवताकडं."

"गवत कुठंय?"

"या बया! त्येच हुडकाय गेल्यात न्हवं का?"

परत येताना डॉक्टर सारखे वर बघत होते. पश्चिमेला ढग जमायला लागले होते. मलाही आता त्या कोकरं उचलणाऱ्या बाईच्या हाका आठवायला लागल्या होत्या, खोटं कशाला सांगू.

* * *

आणि मग एका दुपारी, ऐन माळाच्या मध्यावर, जीपनं दम खाल्ला. चांगलाच खाल्ला! रहीमभाई चावी फिरवून फिरवून थकले.

डॉक्टर म्हणाले, "रहीमभाई, हात जोडतो. बॉनेट उघडा. इथं दहा मैलांत माणूस नाही. कोण बघतंय?"

रहीमभाईंनी लांब बोट दाखवलं. "काळवीट बघतंय."

मग काय, बसलो. मी स्टोव्ह काढला, चहा टाकला. डॉक्टर पोत्याला हात लावून बसलेले. ऊन कलायला लागलं तसा पूर्वेला धुरळा दिसला. मग घंटांचा आवाज. मग कुत्री. बघता बघता मेंढरांनी जीपला वेढा घातला, घोड्यांवरून पाटा-वरवंटा उतरला, कोंबड्या आमच्या चाकांखाली शिरल्या, आणि आमच्या स्टोव्हशेजारी तीन दगडांची चूल मांडली गेली. बिरूबांनी डॉक्टरांसमोर घोंगडी अंथरली. "बसा."

डॉक्टर बसता बसता म्हणाले, "बिरूबा, अहो, किती दिवस शोधतोय आम्ही तुम्हाला!"

"बघतूया की रोज. तुमचा धुरळा काय लपतूय व्हय?"

"मग थांबला का नाहीत?"

"आमी म्हनलं, मानूस लई घाईत हाय. पळत्या मान्साकडं कोन जानार? आज बसल्यालं दिसला, आलो!"

डॉक्टर आधी हसले आणि मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "वाड्यावर आलो नाही मी, बिरूबा. पण सुईचं..."

"तुमी न्हाई आला, वाडा आला. येकच की! टोचा सकाळी."

सकाळी उजाडताच कामाला लागलो. मी धरत होतो, डॉक्टर टोचत होते, बिरूबांच्या सुना टोचलेल्या मेंढीच्या पाठीवर गेरूचा ठिपका देत होत्या. तिकडे रहीमभाईंनी बिरूबांच्या कारभारणीकडून दोन घोंगड्या मागून घेतल्या, जीपभोवती आडोसा केला, आणि आत एकटे जाऊन बॉनेट उघडलं. घटकाभरात इंजिन सुरू झालं. बाहेर येऊन म्हणाले, "दम खाऊन झाला."

निघताना डॉक्टरांनी विचारलं, "बिरूबा, पुढच्या साली कुठं गाठू तुम्हाला?"

बिरूबांनी माळाकडे बघितलं, मग जीपकडे. "हितंच गाडी बंद पाडा."

त्या पावसाळ्यात बिरूबांचं एकही मेंढरू गेलं नाही. इतरांपर्यंत पोचायच्या आत पाऊस आला होता, त्यांची गेली. ज्यांना पटायचं होतं त्यांना पटलं.

* * *

पुढचं साल. ढग जमलेले, पोत्यात बर्फ, आणि त्याच जागेवर डॉक्टर म्हणाले, "रहीमभाई, थांबवा. बंद पाडा."

"चालती गाडी? साब, इंजिन घड्याळासारखं चाललंय!"

"माहीत आहे. पाडा."

रहीमभाईंनी चावी फिरवली. तोंड असं केलं की जणू लेकीला सासरी धाडतायत. मी चहा टाकला. वाट बघितली. धुरळा नाही, घंटा नाही. डॉक्टर उठले, पोत्याला हात लावला, परत बसले. ढग डोक्यावर आले होते.

शेवटी रहीमभाई उठले. चारी बाजूंना नीट बघून घेतलं. एक काळवीट होतं, आमच्याकडेच तोंड करून. रहीमभाईंनी टोपी सारखी केली, जीपच्या नाकावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "आजच्या दिवस माफ कर, बेटी."

आणि भर माळात बॉनेट उघडलं.

चहाला उकळी यायची होती. पूर्वेला धुरळा उठला. मी म्हटलं, उघडं बॉनेट लांबून दिसलं वाटतं, आले बिरूबा! तेवढ्यात दक्षिणेला उठला. मग ओढ्याच्या अंगाला. मग आमच्या पाठीमागं. चारी बाजूंनी घंटा वाजायला लागल्या.

डॉक्टर जीपच्या टपावर चढले, हॅट काढून सगळीकडे बघत राहिले आणि एकदम ओरडले, "रहीमभाई! आता खरंच सुरू करा! नगरला पळा! बर्फ आणि लस, दोन्ही कमी पडणार!"